बदकाचं पिल्लू की टिबुकली?

प्रश्न: धामापूरच्या तळ्यात मुठीएवढं तपकिरी पाखरू दिसलं. कॅमेरा डोळ्याला लावेस्तोवर बुडालं आणि भलतीकडेच वर आलं. बदकाचं पिल्लू का? – एक वाचक, मालवण

उत्तर: पिल्लू नव्हे हो, ती पूर्ण वाढलेली टिबुकली. वजन जेमतेम 200 ग्रॅम. नाव मोठ्यानं म्हणून बघा, तळ्यात खडा टाकल्यासारखं ‘टुबुक’ ऐकू येतं! तिला पाणडुबीही म्हणतात. इंग्रजीतलं ‘डॅबचिक’ म्हणजे बुडी मारणारं पिल्लूच; तेव्हा तुम्ही एकटे फसलेले नाही. शास्त्रीय नाव टॅकिबाप्टस रुफिकोलिस, म्हणजे चटकन बुडणारी, तांबड्या मानेची. तो तांबडेपणा मात्र विणीच्या दिवसांतच खुलतो. तिच्या भाऊबंदांच्या ‘पोडिसेप्स’ या नावाचा अर्थ तर ‘ढुंगणाशी पाय’ असा आहे. हसू नका, पाय खरोखरच इतके मागे असतात की जमिनीवर तिला धड चालवत नाही.

आमच्या देवळामागच्या तळीत मी तिचं तरंगतं घरटं पाहिलंय. माझी चाहूल लागताच तिनं चोचीनं तीन-चार झटक्यांत शेवाळ ओढून अंडी झाकली आणि पाण्यात शिरली. मी पायरीवर बसून आकडे मोजत होतो. सतराला ती पार पलीकडच्या कमळांत निघाली.