‘नवीन’ म्हणून बसवलेलं ग्राफिक्स कार्ड जुनं निघालं, आता काय करायचं?

प्रश्न: माझा डेस्कटॉप आठ-नऊ वर्षांचा आहे. मी घरूनच मुखपृष्ठं आणि पुस्तकांच्या मांडणीची कामं करते. स्क्रीनवर रेघा यायला लागल्या आणि मग डिस्प्लेच बंद झाला. दुकानदाराने कॅबिनेट ठेवून घेतलं, ‘ग्राफिक्स कार्ड गेलंय’ म्हणाला, नवीन कार्ड बसवलं आणि तोंडी एका वर्षाची वॉरंटी दिली. अडीच महिन्यांत तेही बंद पडलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सीरियल नंबर दाखवला, तर त्या कार्डाची वॉरंटी तीन वर्षांपूर्वीच संपल्याचं कळलं. दुकानदार म्हणतो, तुमच्या जुन्या एसएमपीएसने (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याने) कार्ड जाळलं. बिलावर फक्त ‘ग्राफिक्स कार्ड, १ नग’ आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. आता तो ‘कंपनीला पाठवून बघतो’ म्हणून कार्ड मागतोय. देऊ का?

उत्तर: नाही, असंच देऊ नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा ते कार्डच आहे. तुमच्या बिलावर सीरियल नंबर नाही. कार्ड एकदा दुकानात गेलं की त्याजागी दुसरं परत येऊ शकतं, किंवा काहीच येणार नाही. द्यावंच लागलं तर सीरियल नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का असलेली पोच घेऊन मगच द्या. आणि ‘गरम करून चालू करून देतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडेही नेऊ नका. तसं चालू झालेलं कार्ड बहुतेक वेळा पुन्हा बंद पडतं, आणि तुम्हीच छेडछाड केली म्हणायला दुकानदाराला जागा मिळते.

आज करायचं काम म्हणजे फोटो. कार्ड दोन्ही बाजूंनी, सीरियल नंबरचं लेबल, स्क्रूच्या डोक्यांवरचे ओरखडे, हीटसिंकच्या (कार्ड थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत अडकलेली जुनी धूळ. बरेच दुकानदार विकलेल्या वस्तूवर तारीख घालून स्वतःचं छोटं स्टिकर लावतात. तसं असेल तर त्याचा फोटो जवळून, अक्षरं वाचता येतील असा घ्या. ‘हे कार्ड मी दिलेलंच नाही’ हा बचाव त्या एका स्टिकरने संपतो. स्टिकर नसेल तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद आणि खोका उपयोगी पडतील. मोबाइलवरचे हे पुरावे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ मेसेज पुसू नका.

सर्व्हिस सेंटरने जे तोंडी सांगितलं ते ईमेलवर मागा. इतकंच विचारा, की या सीरियल नंबरच्या कार्डाची वॉरंटी कोणत्या तारखेला संपली. दुकानदार म्हणेल, माल न वापरलेला पण जुन्या साठ्यातला होता. हा बचाव अगदीच पोकळ नाही, म्हणून धूळ आणि ओरखड्यांचे फोटो महत्त्वाचे. पण तो खरा मानला तरी वर्षाची वॉरंटी सांगून विकलेल्या वस्तूला कंपनीची वॉरंटीच नव्हती, ही गोष्ट उरतेच.

आता एसएमपीएस. तुम्ही याच मुद्द्याला घाबरला आहात, पण मला तो दुकानदाराच्याच विरोधात जाणारा वाटतो. मशीन त्याच्या दुकानात होतं, कॅबिनेट त्याने उघडलं, कार्ड त्यानेच निवडलं. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, त्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल द्यावी लागते, सहा पिनची आणखी ७५ वॉटची, आठ पिनची १५० वॉटची. जुन्या एसएमपीएसवर हा भार पेलेल का, हे बसवण्याआधी बघणं हे त्याचंच काम. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ सांगतं, की ग्राहकाने गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे, ही अट विक्रीत गृहीतच असते. तुम्ही स्वतः ठरावीक मॉडेलचं नाव सांगून ते मागितलं असतं, तर हा मुद्दा लंगडा पडला असता.

तरीही दुसऱ्या एखाद्या तंत्रज्ञाकडून एसएमपीएस तपासून लेखी घ्या. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत आकडा असायला हवा, शक्यतो भार देऊन मोजलेला. तुमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावून बघा. मशीन चाललं तर बाकीचं यंत्र शाबूत असल्याचं तंत्रज्ञाकडून लिहून घेता येईल, आणि तुमचं कामही अडणार नाही.

‘माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याला फारसं वजन नाही. सदोष माल परत घ्यायला आणि बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणंही त्यातच येतं.

एक अडचण मात्र येणार. तुम्ही कॉम्प्युटरवर पैसे कमावता, म्हणून ‘या ग्राहकच नाहीत, व्यावसायिक वापर आहे’ असं सांगितलं जाईल. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी, केवळ त्याचसाठी, स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरातून वगळली आहे, आणि लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा सविस्तर उलगडला आहे. पण तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहावं लागतं: मी एकटी, घरून, उपजीविकेसाठी हे काम करते. ते राहिलं तर चांगली तक्रारसुद्धा इथेच अडकते.

पोलिसांत जावं का, असं मनात येईल. मी सध्या तरी नाही म्हणेन. फसवणुकीत हेतू सिद्ध करावा लागतो, आणि दुकानदारालाच वरच्या व्यापाऱ्याने फसवलं असणं शक्य आहे. सदोष माल आणि सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगापुढे हेतू सिद्ध करण्याची गरज नाही.

आधी स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. त्यात कार्डाची किंमत, बसवणावळ, तपासणीचा खर्च आणि व्याज मागा. बुडालेल्या कामाची भरपाई कागद असेल तेवढीच मागा. फुगवलेला आकडा बाकीच्या खऱ्या मागण्यांवरही संशय आणतो. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरेच दुकानदार तिथूनच नमतं घेतात. नाहीच ऐकलं तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. वस्तूसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाला कार्ड प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आहे, आणि तेव्हा ते तुमच्या हातात असायला हवं.

नोटीस मिळाल्यावर दुकानदार बहुधा ‘दुसरं कार्ड देतो’ म्हणेल. घ्यायला हरकत नाही, पण नव्या बिलावर मॉडेल, सीरियल नंबर, ‘नवीन’ हा शब्द आणि आजपासूनची वॉरंटी लिहून घ्या, आणि तो नंबर पैसे मिटवण्याआधी कंपनीकडे तपासा. तुमचा मॉनिटर फक्त व्हीजीएवर (जुन्या पद्धतीच्या मॉनिटर जोडणीवर) चालणारा असेल तर तेही आधी सांगा, कारण अलीकडच्या बहुतेक कार्डांना ते पोर्ट नसतं. मशीन फार जुनं असेल तर त्याच्या बायोसवर (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमवर) ते कार्ड डिस्प्ले देतं का, हे दुकानातच, तुमच्यासमोर लावून बघायला सांगा.