जुन्या लॅपटॉपचा आवाज तडतडतो, साउंड ड्रायव्हर बदलूनही फरक नाही. नवा घ्यावा का?

तुम्ही तीनदा साउंड ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा भाग विंडोजशी जुळवून देणारा छोटा प्रोग्रॅम, काढून पुन्हा घातलात आणि दोन दिवसांत तडतड परत आली, म्हणताय. एवढ्यावर लॅपटॉप मोडीत काढू नका. माझा २०१४चा आहे आणि अगदी याच दुखण्यातून उठलाय.

आमच्याकडे बायको सकाळी रियाजाला लॅपटॉपवर तानपुरा लावते. सिनेमात तडतड खपून जाते, तानपुऱ्यात मात्र लपायला जागाच नाही. मी आधी तुमच्यासारखाच साउंड ड्रायव्हरच्या मागे लागलो. मग पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन यूएसबी साउंड कार्ड, म्हणजे आवाजाचं बाहेरून जोडायचं यंत्र, आणलं. तडतड तश्शीच! खरं तर तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता: कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, तरी दुखणं तेच, म्हणजे चोर दुसरीकडे आहे.

तो सापडला एका गुरुवारी. पुण्यात गुरुवारी लाईट जाणं नवीन नाही. लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि तानपुरा एकदम स्वच्छ. आधी चार्जरवर संशय घेतला. लाईट आल्यावर चार्जर काढून पाहिला, तर तडतड सुरूच. मग लक्षात आलं, लाईट गेल्यावर राउटरही बंद पडला होता. वाय-फाय बंद केलं, तडतड बंद.

विंडोज साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत आवाज पुढे ढकलतं. तेवढ्यात एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला की पुढचा तुकडा वेळेवर पोचत नाही आणि कानाला तडतड ऐकू येते. अडवणारा साउंडचाच असेल असं नाही. लेटन्सीमॉन नावाचं प्रोग्रॅम घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. गाणं लावून दहा मिनिटं चालू ठेवा आणि ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ कोण खातंय ते बघा. माझ्याकडे वर होतं एनडीआयएस डॉट सिस, म्हणजे नेटवर्कचा थर. खरा गुन्हेगार त्याच्याखालचा वाय-फाय ड्रायव्हर. त्याची जुनी आवृत्ती घातली, काम झालं. तोवर रियाजापुरतं वाय-फाय बंद ठेवत होतो, तेही चालतं.

यादीत साउंडचाच ड्रायव्हर वर आला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, लेट मी पिक, आणि यादीतून साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. कंपनीचं इक्वलायझर वगैरे जाईल. मला त्याचं कधी दुःख झालं नाही. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकतं. तुमचं 'दोन दिवसांत परत' बहुधा त्यातलंच. डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये जाऊन 'नो' करून ठेवा.

आणि तडतडीऐवजी सलग घूं-घूं येत असेल, तीही बाहेरचे स्पीकर जोडल्यावर आणि फक्त चार्जर लावल्यावर, तर ड्रायव्हरला हात लावू नका. आधी त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या.