किडनीच्या पेशंटला रोज शहाळं दिलं तर चालतं का?

वडिलांना जुना मधुमेह आहे, क्रिएटिनिन (किडनी कितपत काम करतेय ते सांगणारी रक्ततपासणी) ३.८ आलंय आणि घरातले सगळे ‘किडनी साफ होते, रोज शहाळं द्या’ म्हणतायत, तर द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे रक्तातल्या पोटॅशियमचा आकडा बघितल्याशिवाय तर अजिबात नको. एरवी मी इथे फक्त वाचते, पण हा प्रश्न बघून राहवलं नाही.

माझ्या सासूबाईंना वीस वर्षांचा मधुमेह, त्यातून किडनी गेलेली. डायलिसिस नव्हतं, पथ्यावर चाललं होतं. पालेभाजी असो की बटाटा, मी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायची आणि मग फोडणीला टाकायची. त्या पाण्याबरोबर बरंचसं पोटॅशियम निघून जातं. दुधी, दोडका, पडवळ, कोबी आलटून पालटून. फळ म्हणजे सफरचंदाची किंवा पपईची एखादी फोड. चव उतरते हे खरं आहे. पण सहा महिने त्यांचं पोटॅशियम पाचच्या आसपास राहिलं होतं, ते या स्वयंपाकामुळे.

२०१९च्या आषाढीला वन्सं माहेरी आल्या. दशमीला जेवताना त्यांनी आईंच्या ताटातली भाजी चाखली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सगळा कस ओतून देतेस आणि चोथा आईला घालतेस.” मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी आईंचा उपास. खिचडीत मूठभर दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, उकडलेलं रताळं, खजूर, दाण्याची आमटी आणि सकाळ-संध्याकाळ एकेक शहाळं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात पोटॅशियम नावालाच. बाकीचं सगळं ताट मात्र पोटॅशियमनं भरलेलं. मी शहाळ्याला नको म्हटलं, तर “देवाच्या झाडाचं पाणी आहे, त्यानं काय होतंय” असं उत्तर आलं.

द्वादशीला पहाटे आईंना पलंगावरून उठता येईना. पाय लुळे पडल्यासारखे झाले, छातीत धडधड. वन्सं म्हणाल्या, उपासाचा अशक्तपणा आहे, अजून थोडं शहाळं देऊ. मी ऐकलं नाही, रिक्षा बोलावली. दवाखान्यात ईसीजी काढला तो बिघडलेला, पोटॅशियम ६.९. साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. डॉक्टरांनी आधी हृदयाला आधार म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. शुगर वाढलेली नसताना इन्सुलिन कशाला, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. तेवढ्यानं वेळ निभावली. त्या रात्री हृदय बंद पडलं असतं, हे डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं.

एका मध्यम शहाळ्यातून ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं. अशा पेशंटला बरेचदा दिवसभराच्या जेवणात मिळून दोन हजाराच्या आत राहायला सांगतात. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देते, थकलेली टाकू शकत नाही. त्यात आईंना ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन चालू होतं, ती गोळी पोटॅशियम आणखी वाढवते. वडिलांच्या गोळ्यांत तसलं काही आहे का, तेही विचारून घ्या.

हा शहाळ्याचा समज कुठून येतो ते मला नंतर उमगलं. वन्संच्या यजमानांना मुतखडा झाला होता. त्यांना डॉक्टरांनी भरपूर पाणी, शहाळं प्यायला सांगितलं आणि त्यांना आराम पडला. मुतखडाही किडनीचाच आणि आईंचा आजारही किडनीचाच, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला. तुमच्या घरातही कुणाला तरी खडा झालेला असणार, विचारून बघा.

आणखी एक, कमी सोडियमचं मीठ घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. साधंच मीठ, पण कमी. पापड-लोणचं बंद. शुगर एकदम उतरली तर मोसंबीचा रस न देता साखर किंवा ग्लुकोज द्या. कोकणातलं कुणी करमळ, म्हणजे ते पाच धारांचं स्टार फ्रूट, घेऊन आलं तर ते फळ घरात ठेवूच नका, किडनीच्या पेशंटला ते थेट मेंदूवर जातं.

अर्थात किडनी कमजोर असलेल्या प्रत्येकाचं पोटॅशियम वाढलेलं नसतं. काहींना फळं चालतात, आणि विनाकारण सगळं तोडलं तर माणूस खंगतो. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रोटीन उलट वाढवायला सांगतात, तेव्हा माझं हे पथ्य जसंच्या तसं उचलू नका. रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडचे आहारतज्ज्ञ गाठा.

वन्सं आजही म्हणतात की त्या दिवशी आईंची शुगर वाढली होती. तो रिपोर्ट मी जपून ठेवलाय. शुगर १४२ होती, आणि त्याच कागदावर खाली ६.९ला लाल पेनानं गोल केलेला आहे. पुढच्या एकादशीला आईंना मी भगर केली, जिरं-मिरचीची फोडणी देऊन, दाण्याचं कूट न घालता. बरोबर काकडीच्या चार फोडी. त्यांनी पोटभर खाल्लं, आणि वन्संचा फोन आला तेव्हा स्वतःच सांगितलं, “शहाळं नको आणूस गं.”