टोकन दिलंय, गाडी रिमॅप केलेली आहे आणि आरसीवर नाव भलत्याचंच

नमस्कार,

तुमचा मेल दोनदा वाचला. उरलेले पैसे अजून दिलेले नाहीत हे फार बरं केलंत, त्यामुळे बरंच काही अजून तुमच्या हातात आहे.

तुमची अडचण मला कळली ती अशी. घरच्यांसाठी, कुत्र्यासाठी आणि सामानासाठी लांब डिकी हवी, आणि तुम्हाला स्वतःला जोरदार पळणारं इंजिन हवं, म्हणून एक सेकंडहँड परफॉर्मन्स इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीची दमदार कार, पसंत केलीत, आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच आल्या त्यामुळे हातची जाईल या भीतीने लगेच टोकनही दिलंत. नंतर कळलं की विकणाऱ्याचं नाव आरसीवर नाहीच, आरसी परराज्यातल्या पहिल्या मालकाच्या नावावर आहे, बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, अजून दिसतंय आणि इंजिनला स्टेज वन रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला बदललेलं सॉफ्टवेअर, आणि बाहेरचा एक्झॉस्ट लावलाय. मध्यस्थ म्हणतो फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे मालकी बदलायचे आरटीओचे फॉर्म, सह्या करून तयार आहेत, रविवारपर्यंत पैसे द्या, गाडी न्या, नाव नंतर चढवू. आणि तुम्ही विचारताय की गाडीत काय काय चेक करू, आणि उद्या काही निघालं तर पैसे परत मिळतील का.

हे दोन प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारलेत पण कायद्यात ते एकमेकांना बांधलेले आहेत, कसे ते सांगतो. करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते दिलंय आणि त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही, बोलणं समोरच्यावर बंधनकारक असेल किंवा त्याचं गप्प बसणंच बोलल्यासारखं असेल तरच ती फसवणूक. पुढे कलम १९ म्हणतं की फसवून घेतलेला करार रद्द करता येतो, पण तिथे एक अपवाद आहे जो बहुतेक लोकांना कोर्टात गेल्यावर कळतो, तो म्हणजे समोरच्याने चुकीची माहिती दिली किंवा लबाडीने गप्प राहिला पण तुम्ही साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. म्हणजे तुम्ही अपघाताबद्दल विचारलंच नाही आणि त्याने सांगितलं नाही तर तुमची केस कमजोर. तुम्ही विचारलंत, त्याने "एकही अपघात नाही" असं लिहून दिलं आणि त्याला माहीत असूनही ते खोटं निघालं, तर ते सरळ खोटं बोलणं झालं आणि तो अपवाद त्याच्या कामी येत नाही. म्हणून गाडी तपासणं आणि लेखी विचारणं ही दोन्ही कामं केली पाहिजेत, एक करून चालत नाही.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या गाडीचा मीटर ५८ हजार दाखवत होता. घेतल्यावर महिन्याभराने डिकीचा फ्लोअर उचलला तर स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात ओलसर, चुरगाळलेलं एक बिल सापडलं, ब्रेक डिस्क बदलल्याचं, दोन वर्षांपूर्वीचं, आणि कोपऱ्यात मेकॅनिकने बॉलपेनने रीडिंग लिहिलेलं, ९१,४००. ते बिल हातात असूनही मी त्यांना पहिलं विचारलं की किलोमीटरबद्दल तुमचं काय बोलणं झालं होतं. नशिबाने चॅट होता, "किलोमीटर ओरिजिनल आहेत ना", खाली उत्तर "हो सर, १०० टक्के". त्या एका ओळीवर नोटीस उभी राहिली आणि पैसे परत आले. ती ओळ नसती तर विकणारा म्हणाला असता की मी कुठे काही बोललो, मलाही मीटर असाच मिळाला.

आता गाडीकडे या. रिमॅप ऐकून तुम्ही खूश झालेले दिसताय, मला मात्र तिथेच सगळ्यात जास्त काळजी वाटते. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कडकपणे लावलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बदल आधीच्याने केला हे खरं, पण रस्त्यावर पकडली गेली की तिथे उभे तुम्ही असणार, एक्झॉस्टचा आवाज आणि धूर हा कलम १९०(२) चा वेगळा विषय. शिवाय इन्शुरन्स कंपनीला बदल कळवलेला नसेल तर मोठ्या क्लेमच्या वेळी सर्वेअर नेमकं तेच शोधतो. म्हणून मूळ सॉफ्टवेअर परत टाकून द्यायची अट घाला, आणि मूळ एक्झॉस्ट, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, ठेवलाय का विचारा. फेकून दिला असेल तर त्याचा खर्च भावातून वजा करा.

सॉफ्टवेअर परत टाकलं तरी वाढीव ताकदीने गिअरबॉक्सने जे सोसलंय ते जात नाही, ड्युअल क्लचवाली (दोन क्लचची ऑटोमॅटिक) असेल तर स्लो ट्रॅफिकमध्ये आणि चढावर रिव्हर्समध्ये झटके देते का बघा. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड पाहिजे असं आधीच सांगा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारी चाकांना जाणारी, असेल तर चारी टायर एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले हवेत. इस्टेट म्हणून खास बघायचं ते मागे असतं, डिकीच्या दाराकडे जाणाऱ्या वायरींच्या रबरी नळ्या वाकवून बघा, आतल्या वायरी तुटलेल्या असल्या की मागचा वायपर, कॅमेरा, लॉक एकेक करून बंद पडतं. मागचं सस्पेन्शन आपोआप लेव्हल करणारं असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी मागची बाजू बसलीय का बघा. आणि तो स्पेअर व्हीलचा खड्डा, तिथे पाणी, गंज, वेल्डिंगच्या खुणा. हे सगळं तुमच्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नाही, अशा वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेऊन, स्कॅनर लावून करा आणि रिपोर्ट तारीख, रीडिंग आणि चेसिस नंबर टाकून लेखी घ्या. कलम १९ मधली "साधी काळजी" तुम्ही घेतली होती याचा तोच पुरावा.

चेसिस नंबर स्वतः ताडून बघा, आरसीच्या फोटोवर जाऊ नका. कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उठतो, सगळे आकडे एका ओळीत, एका खोलीचे यायला हवेत, एखादा आकडा बाजूला सरकलेला वाटला किंवा आजूबाजूचा रंग नवा वाटला तर तिथेच थांबा. चोरीची नोंद एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या) ऑनलाइन सेवेवर बघता येते, पेंडिंग चलान परिवहनच्या साइटवर.

कागदांचं. फॉर्म २९ आणि ३० वर सही आरसीवरच्या मालकाची लागते, परराज्यातली गाडी म्हणजे मोटर वाहन कायद्याच्या कलम ४८ ची एनओसीही त्याच्याच अर्जाने येणार, म्हणजे तुमचा सगळा व्यवहार अशा माणसावर अवलंबून आहे ज्याला तुम्ही भेटलेलाच नाहीत. त्याला फोन करा. तो सहकार्य करेल असं मला वाटतं कारण अडकलेला तोच आहे, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलंय की मध्ये कितीही हात बदलले तरी नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. त्याने गाडी खरंच तुमच्या विकणाऱ्याला विकली का, पैसे पूर्ण मिळाले का, हे त्याच्याकडून मेसेजवर घ्या. त्याचे पैसे बाकी असतील तर तुमचा व्यवहार वादात आलाच म्हणून समजा.

हायपोथिकेशनबाबत "लोन फिटलंय, फक्त कागद बाकी" हे वाक्य तोंडी मान्य करू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) बघा आणि ब्रँचला फोन करून खात्री करा. लोन बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट लोन अकाउंटमध्ये भरा, मध्यस्थाच्या खात्यात अजिबात नको. बाकीचे पैसेही बँकेतूनच, आणि एक मोठा हिस्सा नाव चढेपर्यंत रोखून ठेवा, तसं करारात लिहा. घेतल्यावर ट्रान्सफरचा अर्ज करायला तुम्हाला कायद्याने ३० दिवस आहेत.

इन्शुरन्समध्ये लोक फसतात ते असं, मोटर वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचं कव्हर, आपोआप तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर तसं येत नाही, सुप्रीम कोर्टाचा हा जुना निकाल आहे. पॉलिसी नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत करा, मी तर म्हणेन चावी घ्यायच्या आधीच नवीन पॉलिसीचं बोलून ठेवा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

पैसे परत मिळायचे रस्ते कोणाकडून घेताय त्यावर आहेत. गाड्या विकणं हाच ज्याचा धंदा आहे त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, मध्यस्थाला ते मागा. तो "मी फक्त ओळख करून दिली" म्हणेल, म्हणून कमिशनची पावती घ्या, कमिशन घेतलं म्हणजे सेवा दिली. एखाद्याने आपली घरची गाडी विकली तर मात्र सहसा दिवाणी कोर्ट, आणि ठरवून खोटं बोलून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसात. "आहे त्या स्थितीत विकली" असं डिलिव्हरी नोटवर छापलेलं असतं, त्याने मालविक्री कायद्यातल्या काही गृहीत अटी जातात हे खरं, पण खोटं बोलल्याची जबाबदारी त्याने जात नाही.

म्हणून आज रात्रीच विकणारा आणि मध्यस्थ दोघांना एक मेसेज टाका. चेसिस नंबर लिहा आणि विचारा: किलोमीटर ओरिजिनल आहेत का, अपघात किंवा पाण्यात बुडाल्याचा क्लेम झालाय का, एअरबॅग कधी उघडल्या का, रिमॅप कधी आणि कोणी केला, लोनची बाकी किती, पहिल्या मालकाची एनओसी कधी मिळेल, आणि ती ठरल्या तारखेला नाही मिळाली तर टोकन परत कराल हे मान्य आहे का. त्यांनी उत्तर न देता फोन केला तर फोनवर नीट बोला आणि ठेवल्याबरोबर लिहा, "आत्ता तुम्ही सांगितलंत की..." आणि तो चॅट असलेला मोबाइल फॉरमॅट करू नका, विकू नका, कोर्टात त्या चॅटची प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

ते स्वच्छ कागद देऊ शकले नाहीत म्हणून व्यवहार मोडला तर टोकन तुमचं आहे, मागायचंच. तुमचंच मन बदललं तर पावतीवर काय लिहिलंय ते बघावं लागेल, म्हणून पावतीचा फोटो मला पाठवा, मागच्या बाजूचाही, अटी बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात छापलेल्या असतात. रविवारच्या आधी पाठवा.