पुट्टीची ट्यूब उघडण्याआधी

मित्रा, तुझ्या १/७२ स्पिटफायरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या मॉडेल विमानाच्या, पाठीवरची सांध्याची रेघ पुट्टी कमी पडली म्हणून राहिलेली नाही. दोन अर्धे भाग चिकटवतानाच निम्मं काम व्हायला हवं. सांध्यात सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, सोड, थोडं थांब आणि दोन्ही भाग घट्ट दाब. विरघळलेलं प्लास्टिक बारीक वरंब्यासारखं वर येतं. याहून चांगलं फिलर नाही, कारण ते मूळचं प्लास्टिकच असतं. एक-दोन दिवस हात लावू नकोस, मग घास.

तरीही फट उरली तर ट्यूबमधली पुट्टी. आधी दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लाव, म्हणजे शेजारच्या पॅनल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) वाचतील. ही पुट्टी सुकताना आक्रसते, त्यामुळे एकच जाड थर नको, दोन पातळ दे. सुपरग्लूने भरलंस तर मात्र त्याच दिवशी घास. नंतर तो इतका कडक होतो की बाजूचं प्लास्टिकच आधी झिजतं.

घासायला वॉटर पेपर ४०० नंबरचा, नंतर ६००, मग १०००, ओला करूनच. गोल पाठीवर कडक पट्टी वापरू नकोस, सपाट पट्टा पडतो. स्पंजवाला पेपर घे. शेवटी करडा प्रायमर मार. बोटाला न कळलेली चीर त्यात लगेच दिसते. दिसली की पुन्हा भर, पुन्हा घास, आणि बुजलेल्या पॅनल लाइन रंगाआधीच कोरून घे.