फिरत्या वेल्डिंगसाठी वाइस घेताना

बेटा,

आशीर्वाद. मोटारसायकलवर वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन बांधून गावोगाव कामं घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. मृग लागायच्या आधी वखराची पास (पातं), डवरा, ट्रॉलीचा फाळका असं सगळं एकदमच दुरुस्तीला निघतं आणि शेतकऱ्याला ते बांधावरच करून हवं असतं. फक्त तुकडा पायाखाली दाबून ग्राइंडर चालवायची आपल्याकडची सवय लावून घेऊ नकोस. चाक अडकलं की ग्राइंडर उसळून मांडीवर येतो. म्हणून तुकडा जबड्यात आवळून धरणारा वाइस हवाच.

४ इंची रुंद जबड्याचा घे. अँगल, पट्टी, दोन इंची पाइप सगळं त्यात बसतं. ६ इंची वाइस दुकानात भक्कम वाटतो, पण वजन दुपटीच्या घरात जातं आणि गाडीवर ते रोज तुलाच वाहायचं आहे. टेबलाच्या कडेला अडकवायचा ॲल्युमिनियमचा छोटा वाइस मात्र हातातही घेऊ नकोस, तो आपल्या कामाचा नाही.

खरे पैसे धातूला मोज. साधं बीड (कास्ट आयर्न) दाब सोसतं, घण सोसत नाही. वाकडी पास सरळ करताना एक घाव चुकला तरी जबडा तडकतो. मग त्याला रोजचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड लावलास तर शिवणीच्या कडेनं पुन्हा भेग पडते. एसजी आयर्नचा, म्हणजे चिवट बिडाचा, किंवा फोर्ज केलेल्या (ठोकून घडवलेल्या) स्टीलचा माग. टोला मारून पाहा: साधं बीड बद्द वाजतं, ही दोन्ही खणखणतात. मग कागदाच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन टोकांना धरून वाइस आवळ आणि एकेक ओढ. एक घट्ट बसली आणि दुसरी सरकन निघाली, तर जबडे तिरपे आहेत, दुसरा नग काढायला सांग. जबडा बराचसा उघडून हातानं हलवूनही पाहा. किंचित हलणारच, खडखडला तर नको. फिरत्या बुडाचा घेऊ नकोस. ठोकताना तेच आधी सरकतं.

आता स्टँड, कारण चांगला वाइससुद्धा डुगडुगत्या टेबलावर वाया जातो. तीन पायांचा कर. बांधावर जमीन सपाट कुठली मिळते? चार पायांतला एक अधांतरीच राहतो, तीन पाय कुठंही टेकतात. आपली काळी माती पावसात पाय गिळते, म्हणून प्रत्येक पायाखाली तळहाताएवढी पट्टी जोड. वर १० मिलिमीटरची प्लेट, वाइस नट-बोल्टनं कस, म्हणजे गाडीवर सुटा नेता येईल. मागचा जबडा प्लेटच्या कडेबाहेर थोडा यायला हवा, तरच लांब पाइप उभा धरता येतो. खालच्या आडव्या पट्टीवर एक पाय ठेवून काम कर, तुझं वजनच स्टँडला धरून ठेवेल.

एक गोष्ट मात्र कधीच करू नकोस: मशीनच्या अर्थच्या वायरची पकड वाइसला लावू नकोस. करंट स्क्रूच्या आट्यांतून जातो, आत ठिणग्या पडतात, आटे खडबडीत होतात आणि वर्षभरात दांडा फिरेनासा होतो. अर्थ थेट कामाच्या तुकड्याला लाव, गंज घासून. वाइसमध्ये फक्त टाके मार, पूर्ण शिवण तुकडा बाहेर काढून खाली घे, नाहीतर जबड्याच्या पट्ट्यांचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि दात बोथट होतात. छिटे उडतात तेव्हा स्क्रूवर जुन्या चामड्याचा तुकडा टाक. ग्रीस थापू नकोस, त्यात ग्राइंडरची धूळ चिकटते. पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. दांड्यावर पाइप चढवून आवळायचं नाही. मोठ्या ठोकाठोकीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा सोबत ठेव.

उंची तुझ्या कोपरावर ठरते, म्हणून स्टँडचं माप लिहीत नाही. रविवारी ये, अँगल माझ्याकडे पडून आहे. तू उभा राहिलास की पाय कापू.

तुझा,
काका