धूप आणि केक एकाच कुपीत

प्रश्न : ताई नमस्कार. माझी भाची लॉस एंजेलिसला असते, तिने या वेळी येताना माझ्यासाठी एक छोटीशी कुपी आणली, परफ्युम ऑइल आहे, स्प्रे नाही. लेबलवर लिहिलंय धूप, लोबान, बटर, दालचिनी, व्हॅनिला केक. सकाळी लावलं की पहिला थोडा वेळ देवळात गेल्यासारखं वाटतं, मस्त, पण दुपारपर्यंत धूप गायब आणि नुसती बेकरी उरते. ऑफिसमध्ये बाजूच्याने विचारलं की आज कोणाचा बर्थडे आहे का! वर सासूबाई म्हणतात धुपाचा वास देवाचा, तो अंगाला लावायचा नसतो. लावू की ठेवून देऊ? आणि धूप टिकेल असं काही करता येतं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अहो लावा की, ठेवून कशाला देताय. पण आधी तो धूप जातो कुठे ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुटेल.

अशा तेलात धूप म्हणजे बहुतेक वेळा फ्रँकिन्सेन्सचं तेल असतं, ओमान-सोमालियाकडच्या झाडांच्या डिंकापासून काढलेलं. आपल्या सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलात सालई असते ना, ती त्याच कुळातली. आता गंमत अशी की हा डिंक निखाऱ्यावर टाकला की जो जड, गोडसर धूर येतो तो वेगळा, आणि त्याचं तेल काढलं की त्यात लिंबासारखा, देवदारासारखा हलका वास जास्त असतो, कारण त्यात पाइनीन नावाचा पदार्थ भरपूर असतो आणि तो पटकन उडून जातो. म्हणजे तुमचं देऊळ पहिल्या तासाभरातच आटोपतं. याउलट व्हॅनिलाचा वास ज्याने येतो तो व्हॅनिलिन अतिशय हळू उडतो, संध्याकाळपर्यंत कातडीवर ठाण मांडून बसतो. त्यामुळे तुमचं तेल खराब नाही की डुप्लिकेट नाही, त्याचा क्रमच तो आहे.

पण धूप पूर्ण जातो असंही मला वाटत नाही. लेबलवर लोबान लिहिलंय ना, तो बहुतेक बेंझॉइन असणार, म्हणजे आपण घरी गुरुवारी किंवा तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतो तो ऊद. लाओसकडून येणाऱ्या चांगल्या उदात मुळातच व्हॅनिलिन असतं. म्हणून तर तो जळताना थोडा गोड वास येतो, नीट आठवून बघा. धूप आणि केक ही जोडी ऐकायला विचित्र वाटते पण ती जमते ती या उदामुळे, त्याचा एक पाय देवघरात आणि एक बेकरीत. दुपारी तुम्हाला जो नुसता केक वाटतो त्याच्या खाली ऊद असणार, मनगट नाकाला चिकटवू नका, थोडं लांब धरून हुंगा.

आणि बटर-केक म्हणजे कोणी केक पिळून काढलेला नसतो बरं का. जळक्या साखरेचा वास इथाइल माल्टॉलने आणतात, भाजल्याचा, पावाच्या कडेचा वास पायरेझीन नावाच्या पदार्थांनी. ताज्या पावाच्या कडेला जो खरा वास येतो त्यातला एक महत्त्वाचा रेणू आपल्या आंबेमोहर भातातही असतो, बासमतीतही, पॉपकॉर्नमध्येही, म्हणून मला तर अशा काही तेलांमध्ये केकपेक्षा कुकर उघडल्याचा भास आधी होतो, पण ते माझं नाक.

हा प्रकार काही आजचा फॅड नाहीये. व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवायला लागले १८७४ पासून, गेर्लां कंपनीचं शालिमार नावाचं परफ्युम आलं १९२५ मध्ये, त्यात जोरदार व्हॅनिला आणि सोबत राळेचा, धुपाचा अंश होताच. मग १९९२ मध्ये म्युग्लर कंपनीचं एंजल आलं, त्यात इथाइल माल्टॉल आणि पचौली (मातकट वासाच्या पानांचं तेल) एकत्र, आणि तेव्हापासून खाऊच्या वासाचे परफ्युम ही वेगळी जातच झाली. अमेरिकेतले छोटे छोटे तेलवाले त्याच्या पुढे गेले, त्यांनी पूर्ण चर्च आणि पूर्ण बेकरी एका कुपीत घातली.

आता टिकवायचं कसं. पहिलं म्हणजे कमी लावा. स्प्रेमधलं अल्कोहोल उडताना वास बरोबर घेऊन जातं, तेल तसं करत नाही, ते अंगालगत राहतं, म्हणून आपल्याला वाटतं की वासच येत नाहीये आणि आपण अजून लावतो, आणि मग बाजूच्याला बर्थडे वाटतो. एक ठिपका, बास. घाम येतो तिथे नको, ठाण्याच्या दमट हवेत मान आणि कोपराच्या घडीत गोड वास फार चढतो, अगदी चिकट होतो. त्यापेक्षा दंडाच्या बाहेरच्या बाजूला लावा किंवा जुन्या लोकांसारखा कापसाचा फाया करून पर्सच्या कप्प्यात ठेवा. दुसरं, धूप हवाच असेल तर त्यावर अजून केक चढवू नका, वरून साध्या खसाचं किंवा चंदनाचं अत्तर अगदी पुसटसं लावा. खस तर फारच छान, ते कोरडं आणि मातकट असतं, गोडवा खाली दाबतं आणि स्वतः बराच वेळ टिकतं. मला विचाराल तर खस लावल्याशिवाय असली तेलं मी उन्हाळ्यात जवळसुद्धा करत नाही.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांच्या डोक्यात धूप म्हणजे पूजा, ते बरोबरच आहे. पण त्यांना हेही विचारा की हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावतोच ना आपण, आणि तेच अत्तर देवालाही वाहतो. आखाती देशात तर लोबानाचा आणि बखूरचा, म्हणजे सुगंधी लाकडाच्या तुकड्यांचा, धूर मुद्दाम कपड्यांना आणि केसांना देतात, पाहुण्यांनाही देतात. आपल्याकडे पारशी घरात संध्याकाळी लोबान फिरवतात आणि त्याच घरात मावा केक पण असतो, वसईला नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला चर्चमध्ये धूप असतो आणि घरी आलं की प्लम केक. म्हणजे हे दोन वास एकत्र येणं काही अमेरिकेने शोधलेलं नाही. तरी त्या नाहीच म्हणाल्या तर पूजेच्या वेळी लावू नका, ऑफिसला लावा, विषय संपला.

प्रश्न : अशाच एका व्हॅनिलावाल्या तेलाने माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर पिवळट तपकिरी डाग पडलाय, धुऊन जात नाही. आणि बाटलीतलं तेलही आधी फिकट होतं ते आता चहासारखं दिसतंय, खराब झालं का? (पुण्याहून)

उत्तर : खराब नाही. व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागला की तपकिरी होतं, साबण बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, व्हॅनिला घातलेला पांढरा साबण काही आठवड्यात चॉकलेटी होतो. वास बदलून आंबट किंवा खवट झाला असेल तरच टाका. कुपी कपाटात ठेवा, खिडकीत नको. कुर्त्याचं म्हणाल तर तिथे दोन डाग आहेत, एक तेलाचा आणि एक रंगाचा. तेलाचा जाईल, डागावर कोरडं असतानाच भांडी घासायचं लिक्विड चोळून ठेवा, मग धुवा, आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री अजिबात करू नका. रंगाचा डाग जुना असेल तर मात्र फार आशा धरू नका. पुढच्या वेळी तेल लावल्यावर थोडं थांबून, जिरल्यावर कपडे घाला, आणि पांढऱ्याला दूरच ठेवा.

प्रश्न : हे बाहेरचं तेल फार महाग पडतं. मी घरच्या चंदनाच्या अत्तरात किचनमधला व्हॅनिला इसेन्स आणि दालचिनीचं तेल टाकलं तर तोच वास येईल ना? (कोल्हापूर)

उत्तर : नाही येणार, आणि प्लीज करू नका. केकचा इसेन्स म्हणजे पाणी, प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचं द्रावण किंवा अल्कोहोल आणि त्यात थोडं व्हॅनिलिन, ते तेलात मिसळतच नाही, खाली वेगळं बसतं, चिकट होतं आणि चांगलं अत्तर वाया जातं ते वेगळंच. दालचिनीचं तेल तर त्याहून वाईट, थेट कातडीवर ते भाजल्यासारखी आग करतं आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे कायम त्रास देऊ शकतं. युरोपात २००३ च्या नियमाने ज्या २६ सुगंधी घटकांची नावं लेबलवर लिहायची सक्ती केली त्यात दालचिनीतला सिनॅमाल आहे, लवंगेतलं युजेनॉलही आहे. तयार तेलातसुद्धा दालचिनी असेल तर आधी कोपराच्या आत एक ठिपका आठवडाभर रोज लावून बघा, खाज किंवा लाली आली की बंद. अगरबत्तीचं किंवा डिफ्युजरचं तेलही अंगाला नको, ती अंगासाठी बनवलेलीच नसतात. स्वस्तात हौस भागवायची असेल तर अत्तरवाल्याकडे लोबान आणि व्हॅनिला अशा दोन वेगळ्या, अगदी लहान कुप्या मागा, अंगाला लावायच्याच आहेत असं स्पष्ट सांगा, एक मनगट एकाला आणि एक दुसऱ्याला. मिसळायचं काम हवा करेल.

प्रश्न : केकच्या वासाच्या अत्तराला मुंग्या लागतात का हो? (लातूर)

उत्तर : त्यात साखर नसते, नुसता साखरेचा वास असतो, त्यामुळे मुंग्या लागायचं कारण नाही. नातवंडांची मात्र काळजी घ्या, ती झाकण उघडून चाखून बघतात.